नाही म्हणण्याचा हक्क

एरंडवण्यातील एका जुन्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात मी एका वयोवृद्ध बाईंना भेटायला गेले होते. शनिवार पेठेतील आमच्या लहानशा वाचनालयाच्या संकेतस्थळाचे काम मी पाहते, आणि १९७८ च्या वार्षिकांकात त्यांच्या वडिलांनी लिहिलेला १९६१ मध्ये पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराचा लेख आम्हाला त्या स्थळावर ठेवायचा होता. लेखाची झेरॉक्स आणि संमतिपत्राच्या दोन प्रती मी बरोबर नेल्या होत्या. बाईंनी भिंग मागवून घेतले, खुर्ची खिडकीच्या उजेडाकडे वळवली आणि तो सगळा लेख, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, माझ्यासमोर बसून वाचला. गॅलरीतल्या न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास येत होता आणि शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी कागद नीट जुळवले आणि माझ्या हातात परत दिले. "लेख बाबांचाच आहे, आणि छान आहे," त्या म्हणाल्या, "पण इंटरनेटवर नको. बाबांनी हे पेठेतल्या माणसांसाठी लिहिलं होतं. माझ्या आत्याबद्दल त्यात जे आहे, ते तिला ओळखणाऱ्यांनी वाचलं, त्याचं मला काही नाही. आता तिला न ओळखणारे वाचतील. तुमच्या वाचनालयात येऊन कुणाला अंक वाचायचा असेल, तर खुशाल वाचू दे."

संमतिपत्राच्या दोन्ही प्रती कोऱ्याच परत आल्या.

परतताना मी लकडी पुलावरून चालत आले आणि वाटभर तो लेखच मनात घोळत राहिला. त्या अंकातले ते सर्वांत चांगले लेखन आहे. पुरावर पुण्यात पुष्कळांनी लिहिले आहे, परंतु या गृहस्थांनी पाणी चढतानाचे वर्णन न करता ते ओसरल्यानंतरचे घर लिहिले आहे: कोनाड्यात साचलेला गाळ, डब्यांत फुगलेली डाळ, आणि भिंतीवर उमटलेली ती रेघ, जी पुढे रंगाच्या कितीही हातांखालून वर येत राहिली. शिशाचे खिळे जुळवून केलेल्या छपाईत उमटलेली ती पाने आता कडांना तपकिरी झाली आहेत आणि टाचणीच्या गंजाने मधोमध फाटू लागली आहेत. हे लेखन आणखी शेकडो लोकांनी वाचावे असे मला मनापासून वाटत होते, आणि आजही वाटते. त्याच वेळी बाईंच्या बोलण्यातला एकही शब्द मला खोडता येत नव्हता. छापील अंक पेठेतल्या काहीशे घरांत जातो आणि तिथेच मुरतो. संकेतस्थळावरचे पान मात्र नाव टाकताच कुणालाही, कधीही सापडते. त्या लेखकाने १९७८ मध्ये ज्या वाचकांना समोर ठेवून आपल्या बहिणीविषयी लिहिले, ते वाचक हे नव्हेत.

कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा जे बोलले गेले, ते पुण्यातील कोणत्याही संस्थेत बोलले गेले असते. सगळे सज्जन, वाचणारे, स्वतःच्या खिशातून वाचनालय चालवणारे लोक आहेत. एकाने विचारले की लेख आपल्याच अंकात छापून आला आहे, तर आता परवानगी कशाची मागायची? दुसऱ्याने सुचवले की खाली ठळक अक्षरांत लेखकाचे नाव घालून "साभार" लिहावे म्हणजे झाले. आपण यातून एक रुपयाही मिळवत नाही, उलट खर्चच करतो, हा मुद्दा तर सर्वांनाच पटण्यासारखा होता. आणि कुणीतरी असेही म्हटले की त्या लेखाची नोंदणी कुठे केलेली आहे, त्यावर कॉपीराइटचे चिन्हही नाही. या प्रत्येक मुद्द्यामागे एक प्रामाणिक समजूत आहे, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याशी ताडून पाहिल्यावर त्यांतली एकही टिकत नाही. लिखाणावरचा हक्क ते कागदावर उतरताक्षणी निर्माण होतो. नोंदणी ऐच्छिक आहे आणि गोलातले ते इंग्रजी अक्षर छापणे बंधनकारक नाही, कारण लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराचे तत्त्वच तसे आहे आणि भारत १९२८ पासून त्या करारात आहे. मानधन न घेता मासिकाला लेख देणारा लेखक आपला हक्क मासिकाला देऊन टाकत नाही. हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि त्या दस्तऐवजात मुदत नमूद केली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच दिला असे कायदा मानतो. आमच्याकडे त्या काळातील पत्रव्यवहाराची फाईल आहे. त्यात लेखकाचे एक पोस्टकार्ड सापडले: "लेख पाठवीत आहे, योग्य वाटल्यास अंकात घ्यावा." त्यांनी एवढीच परवानगी दिली होती. अंकात घेण्याची.

नाव देणे आणि परवानगी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र मला पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागले, आणि त्यात नवल नाही. आपल्याकडे नाव दिले जाणेच इतके दुर्मिळ झाले आहे की ते दिले म्हणजे सगळे ऋण फिटले असे वाटते. रोज सकाळी फोनवर येणाऱ्या कविता पाहाव्यात. मूळ कवीचे नाव दुसऱ्या-तिसऱ्या हस्तांतरात गळते, मग कुणीतरी खाली एखाद्या प्रसिद्ध, दिवंगत साहित्यिकाचे नाव चिकटवतो, आणि महिन्याभराने तीच कविता त्या साहित्यिकाच्या छायाचित्रासह परत येते. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेची कविता अशीच दुसऱ्याच्या नावाने तिच्याच शाळेच्या स्नेहसंमेलनात वाचली गेली. ती टाळ्या वाजवत बसून राहिली, कारण मधेच उठून "ही माझी आहे" असे म्हणणे तिला अशोभनीय वाटले. तिने पैसे मागितले नसते. तिला फक्त त्या कवितेखाली नावाने असायचे होते. आपल्या कायद्यातील ५७ वे कलम नेमके यासाठी आहे. हक्क विकून टाकला तरी आपण कर्ते आहोत हे सांगण्याचा आणि आपल्या कृतीची मोडतोड होऊ न देण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले भव्य ब्राँझ शिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकले म्हणून शिल्पकार अमरनाथ सेहगल न्यायालयात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. शिल्प सरकारच्या मालकीचे होते, तरीही त्याची विटंबना करण्याचा अधिकार सरकारला मिळालेला नव्हता. कायद्याच्या पुस्तकात इतकी मानी गोष्ट असू शकते, हे वाचून मला बरे वाटले होते.

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, हा आपल्या कायद्यातील हिशेब. मृत्यूच्या पुढील वर्षाच्या पहिल्या जानेवारीपासून मोजायला सुरुवात करायची. १९५० मध्ये गेलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११ च्या आरंभी सर्वांचे झाले. १९५६ मध्ये गेलेल्या मर्ढेकरांचे २०१७ च्या. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, परंतु त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ मध्ये, आणि मरणोत्तर प्रकाशनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्यांची गाणी २०१३ उजाडल्यावर मोकळी झाली. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांचे साहित्य १९९१ अखेर खुले होणार, अशा वेळी ती साठ करण्यात आली आणि त्यांच्या विश्वभारती संस्थेकडील हक्क आणखी दहा वर्षे टिकले. एका कवीसाठी सगळ्या देशाचे घड्याळ मागे केले गेले, हे मला अजूनही योग्य वाटत नाही. साठ वर्षे फार आहेत असे माझे प्रामाणिक मत आहे. एरंडवण्यातील बाईंचे वडील १९८६ मध्ये गेले, म्हणजे त्यांचा लेख २०४६ संपेपर्यंत त्यांच्या वारसांचा आहे. तोपर्यंत त्या अंकाची पाने टिकणार नाहीत, आणि पुराचा तो दिवस पाहिलेले तर बहुधा कुणीच नसेल.

तरीही मी तो लेख संकेतस्थळावर ठेवलेला नाही.

शिक्षेची भीती हे त्याचे कारण नव्हे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड, हे कायद्यात लिहिलेले आहे खरे, परंतु पेठेतल्या वाचनालयावर कुणी खटला भरणार नाही, हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते आणि मलाही. कारण असे आहे की मी त्या बाईंकडे विचारायला गेले होते. होकार मिळाला तर लेख ठेवायचा आणि नकार मिळाला तरीही ठेवायचा, असे असेल तर ते विचारणे नव्हते, नुसते कळवणे होते. समोरच्या माणसाला नाही म्हणता येत असेल तरच त्याच्या होकाराला काही किंमत आहे. कॉपीराइटविषयी बोलताना आपण नेहमी मानधन, स्वामित्वधन, चोरी यांविषयी बोलतो, आणि ज्यांचे पोट लेखणीवर आहे त्यांच्यासाठी ते अगदी रास्त आहे. परंतु संकेतस्थळ चालवताना माझ्या वाट्याला आलेल्या बहुतेक प्रसंगांत पैशाचा प्रश्नच नव्हता. आपले शब्द कुठे जावेत आणि कुठे जाऊ नयेत, हे ठरवणारे कुणीतरी असावे, एवढाच प्रश्न होता.

एका सदस्यांनी यातूनही वाट सुचवली. लेख तसाच न देता त्यातील माहिती आपल्या शब्दांत लिहावी. कायद्याने ते पूर्ण शक्य आहे. घडलेल्या गोष्टी कुणाच्या मालकीच्या नसतात, हक्क असतो तो मांडणीवर. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच, एका नाटकाच्या आणि चित्रपटाच्या खटल्यात, कल्पना आणि तिची अभिव्यक्ती यांतील ही सीमा स्पष्ट केली. १२ जुलै १९६१ ला काय घडले, पाणी कोणत्या गल्लीत किती चढले, हे आम्ही लिहिले आहे, आणि त्यासाठी त्या लेखाबरोबर पेठेतील आणखी काही आठवणी पडताळून पाहिल्या आहेत. त्या गृहस्थांच्या बहिणीचा भाग मात्र आमच्या शब्दांतही आम्ही लिहिला नाही. तिथे कायदा आमच्या आड येत नव्हता. बाईंनी इतके स्पष्ट सांगितल्यानंतर तो भाग दुसऱ्या दाराने आत आणणे मला जमले नसते.

आणि जिथे कायदा दार उघडे ठेवतो, तिथे आम्ही संकोच करत नाही, हेही सांगायला हवे. आपला कायदा म्हणजे नुसत्या मनाईंची यादी, असा समज करून घेऊन अनेक संस्था हातावर हात ठेवून बसतात. ५२ वे कलम सावकाश वाचले तर ते किती उदार आहे हे कळते. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाकडे एखाद्या पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवता येते. म्हणून १९७८ चा तो अंक आम्ही स्कॅन करून ठेवला आहे. मूळ पाने विरली तरी लेख नष्ट होणार नाही. समीक्षेसाठी उतारा देता येतो. स्वतःच्या अभ्यासासाठी केलेल्या टिपणाला कुणाची परवानगी लागत नाही. दृष्टिहीन वाचकाला वाचता यावे म्हणून ब्रेल किंवा ध्वनिरूप प्रत करता येते, ही तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने आली, आणि याच विषयावरील माराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत जगातील पहिला देश होता. आमच्याकडे येणाऱ्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी दोन सभासद आळीपाळीने पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतात. ते ध्वनिमुद्रण त्या विद्यार्थ्याकडे जाते, संकेतस्थळावर जात नाही. टिळक, आगरकर, फुले यांचे मूळ लेखन तर केव्हाच सर्वांचे आहे. तेथेही एक काळजी घ्यावी लागते ती अशी की जुन्या ग्रंथाला अलीकडच्या संपादकाने लिहिलेली प्रस्तावना आणि टीपा त्या संपादकाच्या असतात. तुकोबांचा अभंग कुणाच्याही परवानगीविना देता येतो, परंतु तो एखाद्या गायिकेने गायलेला असेल तर त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे आहेत.

या कामातील सर्वांत अनपेक्षित भाग छायाचित्रांचा निघाला. वाचनालयाच्या जुन्या समारंभांची छायाचित्रे पेटीभर आहेत: भिक्षुकी पगडीतले पाहुणे, सतरंजीवर दाटीने बसलेले श्रोते, मागे बंद असलेला एक टेबलपंखा. ही छायाचित्रे कुणाची? कायदा म्हणतो की कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर वेगळा करार नसताना पहिला हक्क मोबदला देणाऱ्याचा. कुणी हौसेने काढून भेट दिले असेल, तर ते काढणाऱ्याचे. म्हणजे उत्तर हिशेबाच्या वह्यांत असणार होते. आमच्या तत्कालीन चिटणीसांनी लिहिलेली किर्द अजून शाबूत आहे, लाल कापडी बांधणीची, शाई जागोजागी फिकट झालेली. मी आणि आमचे खजिनदार काका ती पानापानाने वाचत गेलो. "वार्षिक समारंभ, फोटोग्राफरास" अशी नोंद जिथे सापडली, तिथे ती छायाचित्रे संस्थेची ठरली. जिथे नोंद नव्हती, तिथे आम्ही थांबलो. काका आयुष्यभर बँकेत होते. एका संध्याकाळी ते चष्मा काढून म्हणाले, "तेव्हा पैसे दिले ते नुसते कागदावरच्या चित्राचे नव्हते तर." त्यांना झालेला आनंद मला इथे नीट सांगता येत नाही. अनेक दशकांपूर्वी कुणीतरी प्रामाणिकपणे लिहिलेली एक ओळ आज पुरावा म्हणून उभी राहिली होती, आणि हिशेबाच्या माणसाला यापेक्षा मोठे समाधान नसावे.

व्याख्यानांबाबत आम्ही अधिक सावध झालो आहोत. पुण्याला व्याख्यानांची ओढ जुनी आहे. वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. आणि आता प्रत्येक सभेत मागच्या रांगेत कुणीतरी फोन उंच धरून चित्रण करत असतो. भाषणावरचा पहिला हक्क ते करणाऱ्याचा असतो, सभा भरवणाऱ्याचा नसतो. म्हणून आमच्याकडे वक्त्याला बोलावतानाच्या पत्रात चित्रण करू का आणि ते संकेतस्थळावर ठेवू का, असे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले जातात. बरेच वक्ते पहिल्याला हो म्हणतात आणि दुसऱ्याला नाही. त्यांचे मला पटते. समोर चाळीस माणसे बसलेली असताना माणूस थोडे मोकळे बोलतो, अर्धवट सुचलेला विचार मांडून पाहतो. तो मोकळेपणा टिकायचा असेल, तर ते बोलणे त्या खोलीतच राहू द्यावे.

ज्यांना विचारायचे ते सापडतच नाहीत, ही अडचण मात्र खरोखर मोठी आहे. १९६० च्या दशकातील अंकांत अशी कितीतरी नावे आहेत ज्यांचा पत्ता "नारायण पेठ, पुणे २" एवढाच आहे. वाडे पडले, इमारती झाल्या, कुटुंबे कोथरूडला, कर्वेनगरला, काही परदेशी गेली. मृत, अज्ञात किंवा न सापडणाऱ्या कर्त्यांच्या लेखनासाठी परवाना मिळवण्याची सोय ३१ अ या कलमात आहे, परंतु अर्ज करण्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. आमच्या वर्षभराच्या वर्गणीत अशी एखादीच जाहिरात बसेल. शिवाय नारायण पेठेतील कवीचे नातेवाईक शोधण्यासाठी मराठी दैनिकाऐवजी इंग्रजी दैनिकच का, हे मला कळत नाही. ही तरतूद बदलायला हवी, लहान संस्थांना झेपेल अशी आणि त्या त्या भाषेतील वृत्तपत्रात चालेल अशी व्हायला हवी, असे मला ठामपणे वाटते. तोपर्यंत आम्ही आमच्या पद्धतीने शोधतो: दूधवाले, जुने पोस्टमन, मंगल कार्यालयांचे व्यवस्थापक, आणि अर्थात सभासदांच्या आठवणी. जी नावे सापडत नाहीत त्यांच्या लेखांचे शीर्षक, लेखकाचे नाव आणि अंकाचे वर्ष एवढेच सूचीत देतो, आणि वारसांनी संपर्क साधावा अशी विनंती खाली ठेवतो. त्या विनंतीमुळे दोन घरांतून पत्रे आली. एका घराने होकाराबरोबर लेखकाचे हस्तलिखितच पाठवले, ज्यात छापताना गाळलेला एक परिच्छेद होता.

यंदाच्या वार्षिकांकासाठी नवे संमतिपत्र केले आहे. छापील अंक, संकेतस्थळ, ध्वनिरूप वाचन आणि अनुवाद यांसाठी वेगवेगळे रकाने आहेत, आणि प्रत्येकापुढे किती वर्षांसाठी हे लेखकाने स्वतः लिहायचे आहे. २०१२ नंतरच्या कायद्यात असे आहे की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यवहारात आलेले नव्हते, त्याचा हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय दिला गेला असे धरता येत नाही, म्हणून शेवटी एक ओळ घातली आहे की यापुढे निघणाऱ्या कोणत्याही माध्यमासाठी पुन्हा विचारले जाईल. आलेली पत्रे मी लावून ठेवते आहे. एका तरुण कवीने संकेतस्थळासाठी फक्त दोन वर्षे लिहिली आहेत, कारण त्यानंतर त्याला संग्रह काढायचा आहे. एका आजींनी सर्व रकान्यांत "कायम" लिहून अनुवादापुढे "आधी मला दाखवा" असे लिहिले आहे. मुखपृष्ठाच्या चित्रकाराचे पत्र अजून यायचे आहे, आणि ते येईपर्यंत संकेतस्थळावर मुखपृष्ठाच्या जागी अंकाचे नाव फक्त अक्षरांत राहील.